नको म्हटलं की थांबायचं

माझ्या मुलीचा पहिला शब्द ‘नको’ होता. तोही तोंडानं नाही, टॅबवर बोट ठेवून, आणि टॅबमधून आवाज आला तो माझाच. आनंदानं मी ही बातमी गल्लीभर सांगत सुटले, तर लोकांची तोंडं पाहण्यासारखी झाली.

“आई म्हणाली का?” जो तो हेच विचारे.

“नाही. नको म्हणाली.”

“अरे बाप्पा!” शेजारच्या काकू म्हणाल्या. “एवढ्या वर्षानं पोट्टी बोलली, अन् नकोच काऊन म्हणते वो?”

जसं काही तिनं शिवी देऊनच सुरुवात केली होती. मी त्यांना काय सांगणार? तो शब्द मी मुद्दाम मागून घेतला होता.

आम्ही ब्रह्मपुरीला राहतो. नवरा राईस मिलमध्ये कामाला आहे. मी घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. घरात सासूबाई, आणि ही एकुलती एक मुलगी. लहानपणी बोलेना तेव्हा सगळे म्हणाले, बोलेल, तिचा बापही उशिराच बोलला. मग शाळेत जायचं वय झालं तरी बोलेना, नाव घेऊन हाक मारली तरी वळून पाहीना, तेव्हा नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. मराठीत त्याला स्वमग्न म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही. कसली डोंबलाची मग्न? तिला सगळं ऐकू येतं, जरा जास्तच येतं. मिक्सर लावला की कान दाबून मोरीत जाऊन बसते. नव्या फ्रॉकची शिवण टोचली तर कपडे काढून फेकते, म्हणून तिचे कपडे मी शिवण बाहेरून ठेवून शिवते. जग तिच्या अंगावर धावून येतं आणि तिला त्याला हाकलता येत नाही, एवढीच गोष्ट आहे.

तिला शिकवायला आठवड्यातून एकदा एक मॅडम यायच्या. अशा मुलांसाठी नेमलेल्या फिरत्या शिक्षिका. तालुक्यातली गावं एसटीनं आणि काळीपिवळीनं पालथी घालायच्या आणि शेवटी आमच्याकडे येऊन आधी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या. वयानं माझ्याहून लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी आधी चित्रांची कार्डं आणली. उठणं, दात घासणं, आंघोळ, जेवण, शाळा. सगळी ओळीनं भिंतीवर लावायची, काम झालं की मुलीनं कार्ड काढून खालच्या डब्यात टाकायचं. पण चित्रं अशी, की ग्लासात नळी घातलेली, पावाचे चौकोनी तुकडे, पिवळी स्कूलबस. आमच्या पोरीनं यातलं जन्मात काही पाहिलेलं नाही. मी मॅडमला म्हटलं, हे राहू द्या. मग आमचाच पाणी प्यायचा स्टीलचा गडवा, आमचीच निळी बादली, आमची भात शिजवायची गंजी, सगळ्यांचे फोटो काढले, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून आणले आणि मागे माझ्याकडच्या वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. पोरीनं एका पावसाळ्यात सगळी ओळ आत्मसात केली. आंघोळीचं कार्ड डब्यात टाकताना असा आवाज करायची, की बाहेर गिऱ्हाईक दचकायचं.

मग टॅब आला. त्यात चित्रांची बटणं असतात. बोट ठेवलं की टॅब बोलतो. मॅडम म्हणाल्या, “ताई, पहिला शब्द कोणता घ्यायचा? बहुतेक जण पाणी घेतात.”

मी म्हटलं, “नको.”

“पाणी नको? मग जेवण घेऊया.”

“तसं नाही हो. नको हाच शब्द घ्या.”

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. मला पाणी मागता येणारी पोरगी नको होती. तहान लागली की ती माठापाशी जाऊन उभी राहते, कोणालाही कळतं. माझी काळजी वेगळी होती. पोरगी दिसायला गोड आहे, आईच्या डोळ्यांनी नव्हे, खरंच आहे. वयात यायला लागली होती. आणि बोलत नाही, तक्रार करत नाही, घरी येऊन कोणाचं नाव सांगत नाही. अशा पोरीवर लोकांचं प्रेम फार उतू जातं. येणारा-जाणारा गाल ओढतो. कोपऱ्यावरचा किराणावाला तिला चॉकलेट द्यायचा आणि देताना तिचं मनगट धरून ठेवायचा. जरा जास्तच वेळ. त्याच्या मनात काय होतं देव जाणे, कदाचित काहीच नसेल. पण ते पाहिल्यापासून माझा जीव टांगणीला लागला. मी आहे तोवर आहे. माझ्यामागं कोणी हिच्या अंगाला हात लावला, तर हिला एक शब्द तरी म्हणता यायला पाहिजे. बाकी काही नाही शिकली तरी चालेल.

हे सगळं मी मॅडमला भडाभडा बोलून टाकलं. सासूबाई आतून ऐकत होत्या, त्या खाकरल्या.

मॅडमनी टॅब बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “नको शिकवणं सोपं आहे ताई. पाळणं अवघड आहे. तिनं नको म्हटलं की थांबायचं. घरातल्या सगळ्यांनी, दर वेळी. ‘एकच घास’ म्हणायचं नाही, ‘हे शेवटचं’ म्हणायचं नाही. बोट ठेवल्यावर समोरचा थांबतो, हे तिला दिसलं तरच तो शब्द. नाही तर ते नुसतं आवाजाचं खेळणं. मग ती सोडून देईल.”

“थांबू,” मी म्हटलं. “कसे थांबत नाहीत पाहते मी.”

चित्र काय घ्यायचं यावर खल झाला. फुली तिला कळेना. शेवटी नवऱ्यानं तोडगा काढला. आमच्याकडे जंगलाच्या रस्त्यावर फॉरेस्टवाल्यांचे बोर्ड असतात, वाघाचा वावर आहे, पुढं जाऊ नका. त्याच्या मिलच्या वाटेवर असाच एक बोर्ड आहे, त्यावर माणसाचा आडवा धरलेला पंजा काढलाय. तो म्हणाला, “तो हात पाहून भलेभले गाडी वळवतात. तोच घ्या.” म्हणून माझ्याच तळहाताचा फोटो काढला. माझाच हात, माझाच आवाज. टॅब गळ्यात अडकवायला मी जीन्सच्या कापडाची पिशवी शिवली, पट्टा रुंद, टोचू नये असा.

शिकवायला कारलं वापरलं. कारल्याची फोड तिच्या तोंडाशी न्यायची, तिनं तोंड फिरवलं की मॅडमनी मागून तिचं बोट धरून बटणावर ठेवायचं. “नको!” टॅब म्हणायचा, की मी कारलं झटकन मागं घ्यायचे. मॅडम नसतील त्या दिवशी दोन्ही कामं मीच करायचे. रोज हेच. महिनेच्या महिने गेले. कारल्याचा वास माझ्या बोटांना कायमचा बसला. पोरगी आपली मॅडमच्या हातात हात सैल सोडून खिडकीबाहेर पाहत बसायची. नवरा मिलमधून आला की नुसता माझ्या तोंडाकडे पाहायचा, विचारायचं सोडून दिलं होतं त्यानं.

आणि एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. शाळेची घाई, एक वेणी झाली होती, दुसरीकडच्या केसांत गुंता. मी ओढलं. आणि कारल्याशिवाय, मॅडमशिवाय, कोणी बोट धरल्याशिवाय, “नको.”

माझाच आवाज. मला आधी वाटलं मीच बोलले. मग पाहिलं तर तिचं बोट माझ्या तळहाताच्या फोटोवर होतं. घट्ट, नख पांढरं होईपर्यंत.

मी फणी खाली ठेवली. हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे. ती आरशात माझ्याकडे पाहत होती. खरंच पाहत होती, ती जी कधी कोणाच्या डोळ्यात पाहत नाही ती. मी रडले, हसले, तिला जवळ घ्यायला गेले आणि जागच्या जागी थांबले, कारण तिनं पुन्हा बटण दाबलं असतं तर? त्या दिवशी पोरगी एक वेणी आणि एक बाजू मोकळी अशी शाळेत गेली. संध्याकाळी तशीच माझ्याबरोबर बाजारात आली. लोक विचारत होते, हे काय वो? मी ताठ मानेनं सांगत होते, “तिनं नको म्हटलं.”

मग मात्र तिनं धडाकाच लावला. आंघोळ नको. शाळा नको. भेंडी नको. आजीनं डोक्याला तेल लावलेलं नको. मी सगळीकडे थांबत गेले. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती कितीतरी दिवस आंघोळीला नको म्हणत राहिली, घरात वास सुटला, तरी मी बादली उचलून परत नेली. सासूबाईंचा पारा चढला.

“पोट्टीले डोक्यावर बसवून राह्यली तू,” त्या म्हणाल्या. “आमच्या टायमाले कोणी इचारलं होतं का, पायजे का नको? उद्या सासरी काय करन ते?”

“सासरी? कुठच्या सासरी, आई?” मी म्हटलं.

पण त्याच दिवसांत ते घडलं, ज्यासाठी सगळा आटापिटा होता. मी तिला घेऊन किराणा दुकानात गेले. साखर बांधून होत होती. मालकानं नेहमीप्रमाणं चॉकलेट पुढं केलं आणि नेहमीप्रमाणं मनगट धरलं. आणि तिच्या छातीवरून खणखणीत आवाज आला, “नको!” तो गडी असा दचकला, की चॉकलेट डाळीच्या पोत्यात पडलं. त्यानं हात सोडला. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कसनुसं हसून म्हणाला, “डब्बा बोलते काय जी तुमचा?” मी म्हटलं, “हाव. बोलते.” घरी येऊन मी देवापुढं साखर ठेवली. इतकी वर्षं मी त्या देवाशी अबोला धरून होते.

मॅडमना फोनवर सांगितलं तर पलीकडून नुसतं हुंदक्यासारखं काही ऐकू आलं.

आता लग्नाचं सांगते. नवऱ्याच्या मामेभावाचं लग्न होतं, वैनगंगेच्या पलीकडे, आरमोरीच्या अंगाला, सासूबाईंच्या माहेरगावी. मी नको म्हणत होते. पण सासूबाईंना नातीला मिरवायचं होतं, आता टॅब घेऊन बोलते म्हणून. त्यांचाही काय दोष? इतकी वर्षं तिला घरात ठेवून एकट्याच लग्नाला जात होत्या आणि “नात काऊन नाई आणली” याची उत्तरं देत होत्या.

गावात सगळे प्रेमानं वागले. डीजेपासून लांब आम्हाला जागा दिली. पोरगी मांडवातल्या जांभळीच्या पानांकडे पाहत शांत बसली. मग पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. बुंदी ती खात नाही, तो चिकट गोळा हाताला लागला की तिला सोसवत नाही. वाढायला नवऱ्याचे मामा होते, साठीचे, हौशी, कमरेला पंचा गुंडाळलेला. त्यांनी बुंदीची बादली पुढं केली. पोरीनं बटण दाबलं.

“नको.”

मामा थबकले. आजूबाजूचे वळून पाहू लागले. “अरे! हे तं बोलते!”

आणि मामांनी बुंदीची मूठ तिच्या पत्रावळीत घातली.

तुम्हाला आमच्या पंगती ठाऊक असतील तर तुम्हाला हे सांगायला नको. पंगतीत नको म्हणायचंच असतं. वाढायला आल्याबरोबर हो म्हणेल तो हावरट. पाहुण्यानं नको नको म्हणायचं, पत्रावळीवर हात आडवा धरायचा, आणि वाढणाऱ्यानं तो हात प्रेमानं बाजूला सारून वाढायचं. जितकं नको, तितका आग्रह. नको ऐकून जो खरंच पुढं निघून गेला, त्याचं नाव वर्षभर घेतात, फलाण्याच्या घरी कोणी वाढलंही नाही म्हणून. मीही जन्मभर तसंच वाढलं आणि तसंच खाल्लं. आणि बटणावर चित्र कशाचं, तर आडव्या धरलेल्या हाताचं. ते पाहून तर सगळा मांडव खूश झाला.

“हात बी आडवा करते पाह्य!”

“नको म्हणते, मंग तं वाढाच लागते!”

“मले वाढू दे जी, मले! म्हण बाई, अजून एकदा म्हण!”

तिनं म्हटलं. नको. दुसरी मूठ पडली. नको. पुरी पडली, वर पुन्हा बुंदी. नको, नको, नको. माझा आवाज मांडवात घुमत होता आणि प्रत्येक नकोला हशा. बायका उठून आल्या, पोरं आली, कोणी मोबाइल काढला. पाक पत्रावळीतून तिच्या फ्रॉकवर ओघळला. ती आता पाहतही नव्हती कोण काय वाढतंय, नुसतं बोट आपटत होती. मी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होते. पत्रावळी ओलांडून, लोकांच्या पाठीवर हात टेकत मी पोचले आणि किंचाळले, “थांबा! थांबा म्हटलं ना! नको म्हणून राह्यली ते, ऐकू येत नाई का तुम्हाले?”

सगळं चिडीचूप झालं. मामांच्या हातात बादली तशीच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. “सूनबाई,” ते म्हणाले, “लेकराले चार दाणे लाडानं वाढले. माझं काय चुकलं, सांग.”

काय सांगू? त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिथं एकही माणूस वाईट नव्हता, हेच तर माझ्या डोक्यात जातं. एखादा नालायक असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. पोरगी आता बटण दाबत नव्हती. तिनं स्वतःचं मनगट तोंडात धरलं होतं आणि दात रुतवले होते.

परतीच्या जीपमध्ये सासूबाई आमच्याकडे पाठ करून बसल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, “माहेरात नाक कापलं माझं.”

त्यानंतर पोरीनं टॅब उलटा करून ठेवायला सुरुवात केली. आम्ही पुन्हा कारल्यापासून सुरू केलं. मॅडम म्हणाल्या, होईल, एकदा झालंय ते पुन्हा होईल. हळूहळू ती घरापुरतं नको म्हणू लागली. पण आधी माझ्या तोंडाकडे पाहायची, मग दाबायची. जशी काही परवानगी मागत होती.

मग श्रावणात तिला ताप आला. उतरेना, अंग भट्टीसारखं. आमच्याकडे ताप म्हटला की आधी मलेरियाची धास्ती. दवाखान्यात रक्त काढायचं होतं, सलाईन लावायची होती. सुई पाहिली आणि तिनं बटण दाबलं. सिस्टर चांगली होती बिचारी. म्हणाली, “बाई, तुमी तिकडं पाहा, आमी धरतो.” तरी पाय मलाच धरावे लागले. हात धरले, खांदे धरले, एक बोट तेवढं मोकळं राहिलं आणि ते बोट नको म्हणत राहिलं. माझ्याच आवाजात. मी पाय दाबून धरलेले आणि माझाच आवाज मलाच सांगतोय, नको, नको, नको. मी काय करायला पाहिजे होतं? पोरीला मरू देऊ? मॅडमनी नंतर समजावलं, की अशा वेळी वेगळं कार्ड दाखवायचं असतं, ‘दुखेल, मग संपेल’ असं, आणि नकोचं बटण तिच्यासमोर ठेवायचंच नसतं. बरोबर आहे. पण तापानं फणफणलेली पोरगी घेऊन धावताना कोणाला सुचतं?

ताप उतरला. नको मात्र त्या खाटेवरच राहिलं.

दिवाळीनंतर मॅडमची मुदत संपली. दुसरीकडे काम लागलं त्यांना, दूर. निरोप घ्यायला आल्या तेव्हा पोरीसाठी नवी कार्डं घेऊन आल्या होत्या. “सोडू नका ताई,” म्हणाल्या. मी म्हटलं, “मी कुठं सोडते, मॅडम?” त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही.

आणि गंमत ऐका. पाणी, भात, झोका, बाहेर, ही बटणं तिनं भराभर उचलली. कारण पाणी म्हटलं की सगळे धावतात! आजी गडवा घेऊन धावते, शेजारच्या काकू धावतात, शाळेत बाई धावतात. भात म्हटलं की ताट हजर. कोणी म्हणत नाही, की ही लाजून पाणी म्हणते, खरं तिला नको असेल. जे मी मागितलं नव्हतं ते सगळं आलं. शाळेतल्या बाई पालकांच्या सभेत तिला पुढं उभी करतात, टॅबनं केवढी प्रगती झाली म्हणून. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवते. न वाजवून सांगणार कोणाला?

यंदा त्याच गावी बारशाला जावं लागलं. लग्न झालेल्या त्याच दिराला मुलगा झाला. पंगतीत या खेपेला मी तिच्या शेजारी चिकटून बसले, कोणी वाढायला आलं की आधी माझ्या अंगावरून जावं लागेल अशी. मामा आले. बादलीत बुंदीच. ते माझ्याकडे पाहून घाबरतच थांबले. “वाढू का जी सूनबाई?”

“तिले विचारा, मामा,” मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, वाकून, अगदी मायेनं. टॅब तिच्या गळ्यात होता, पडदा उजळलेला, माझा तळहात वरच्या कोपऱ्यात. सगळे वाट पाहत होते. या वेळी मामा खरंच थांबले असते, मला खात्री आहे. पोरीनं पत्रावळीवरचा हात बाजूला घेतला. मामांनी मूठभर बुंदी वाढली. तिनं ती खाल्ली. एकेक दाणा, बोटं ताठ करून, डोळे मिटून, सगळी.

“वा!” मामांचा जीव भांड्यात पडला. “किती शहाणी झाली वो पोरगी!”

बायकांनीही तेच म्हटलं. शहाणी झाली, गुणाची झाली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा उजेड दिसला. गाडीत बसेपर्यंत त्या सगळ्यांना नमस्कार करत होत्या. नदीच्या पुलावर पोरगी ओकली. फ्रॉकवर, टॅबच्या पिशवीवर. मी पिशवी काढून पुसली.

ब्रह्मपुरीत उतरून घरी येताना कोपऱ्यावरचा किराणावाला दारातच उभा होता. “आली का आमची पोरगी?” म्हणाला आणि बरणीतून चॉकलेट काढलं. मी पिशव्या खाली ठेवत होते. वर पाहिलं, तर त्यानं तिचं मनगट धरलं होतं आणि ती उभी होती. हात त्याच्या हातात सैल, नजर समोरच्या भिंतीवर. टॅब छातीवर. पूर्वी मॅडमच्या हातात हात द्यायची ना, कारल्याच्या वेळी, तसाच.

“सोडा तिचा हात,” मी म्हटलं. माझा आवाज दुकानातल्या गिऱ्हाइकांनी वळून पाहावं इतका चढला. त्यानं सोडला. म्हणाला, “काय बाई तुमी बी! पोरगी काई म्हणून नाई राह्यली, अन् तुमीच...”

खरं होतं त्याचं. पोरगी काही म्हणत नव्हती. आज मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालायला बसले. प्रवासानं केसांत गुंता झालेला. एक वेणी झाली. दुसरीकडे फणी अडकली आणि मी, खरं सांगते, मुद्दाम ओढली. जोरात. आरशात तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. टॅब मांडीवर होता. मी फणी तशीच धरून थांबले. ती काही करेना. मी टॅब उचलून तिच्या बोटाखाली धरला.

“दाब,” मी म्हटलं. “दाब ना गं माय. मी थांबते. खरंच थांबते.”

तिनं टॅबकडे पाहिलंही नाही. माझा फणीचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांनी धरला, उचलला, आणि परत आपल्या डोक्यावर ठेवून दिला.

मी दुसरी वेणी घातली.